ॲप शिकणाऱ्याचे पहिले आठ दिवस

मालेगावचे एक यंत्रमाग कारागीर काही दिवसांपूर्वी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बारावी विज्ञान झालेला. हातात कापडी पिशवी, पिशवीत वापरलेला लॅपटॉप. थोडी बचत आणि थोडी नातेवाइकांकडची उसनवार, अशा पैशांतून तो घेतला होता. मुलाला मोबाईलचे ॲप बनवायला शिकायचे होते. ॲप बनवणे दूरच राहिले, ते बनवण्याचे सॉफ्टवेअरच आठ दिवस झाले तरी सुरू होत नव्हते. पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी मजकूर यायचा आणि काम तिथेच थांबायचे. मुलाने चार वेळा सगळे पुसून पुन्हा बसवून पाहिले होते. एका क्लासवाल्याने लॅपटॉप न उघडताच सांगून टाकले होते, की हे यंत्र कामाचे नाही, नवीन घ्या, आणि सेटअप करून हवा असेल तर त्याची फी वेगळी पडेल.

वडिलांनी मुलाला चहा सांगायला बाहेर पाठवले आणि हळू आवाजात विचारले, "भाई, खरं सांगा. पोराच्या डोक्यात हे काम बसणारं नाही, असं तर नाही ना? तसं असेल तर लॅपटॉप विकून टाकतो आणि त्याला मागावर उभा करतो."

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, म्हणून हा लेख. त्या मुलाने तोपर्यंत प्रोग्रॅमची एक ओळही लिहिली नव्हती. त्याची अक्कल, आवड, चिकाटी यांपैकी कशाचीच परीक्षा झालेली नव्हती. नवा माग बसवला, ताणा अजून चढायचा आहे, आणि कापड निघत नाही म्हणून विणकराला नालायक ठरवावे, त्यातला हा प्रकार. मी त्यांना म्हणालो, "चाचा, दोन दिवस द्या. आधी यंत्राचं बघू, पोराचं मागाहून."

एका नावात पाच कारागीर

अँड्रॉइड फोनचे ॲप बनवण्यासाठी गुगल जे सॉफ्टवेअर देते त्याचे नाव अँड्रॉइड स्टुडिओ. २०१३ मध्ये त्याची घोषणा झाली आणि डिसेंबर २०१४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. ते संपूर्ण मोफत आहे. गुगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर्स या अधिकृत संकेतस्थळावरून कोणीही ते उतरवून घेऊ शकतो. ज्याला कोणी 'क्रॅक' किंवा 'चावी' विकत देऊ पाहतो, त्याने समजावे की मोफत वस्तूचे पैसे मागितले जात आहेत आणि सोबत व्हायरसही येण्याचा धोका आहे.

हे एक सॉफ्टवेअर दिसत असले तरी आत निरनिराळे कारागीर काम करत असतात. स्टुडिओ म्हणजे बसून लिहिण्याची जागा. एसडीके म्हणजे अँड्रॉइडच्या कामाची हत्यारे. जेडीके ही जावाची बाजू. तिच्याशिवाय बाकीचे हलत नाहीत. ग्रेडल हा मुकादम: कुठून काय माल आणायचा, कोणत्या क्रमाने जोडायचा, शेवटी ॲप बांधून कसे द्यायचे, हे तो ठरवतो. आणि एमुलेटर म्हणजे पडद्यावर उभा केलेला खोटा फोन, ज्यावर ॲप चालवून पाहता येते.

हे पाच जण वेगवेगळे आहेत एवढे कळले तरी निम्मी भीती जाते. तांबडा संदेश आला की पहिला प्रश्न असा: हा संदेश पाठवला कोणी? ग्रेडलची तक्रार असेल तर एमुलेटर काढून बसवण्यात अर्थ नाही, आणि एमुलेटर उघडत नसेल तर जावाकडे जाऊन उपयोग नाही. नवशिके नेमके इथे चुकतात. कोणाचेही बिनसले की पाचही जणांना घराबाहेर काढतात आणि पुन्हा बोलावतात. त्यात एक-एक रात्र आणि कित्येक जीबी डेटा जातो, आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

जुन्या शिकवणीनेही घोटाळा होतो. यूट्यूबवर जे व्हिडिओ वर दिसतात त्यांतले बरेच काही वर्षांपूर्वीचे असतात. त्यांत पहिले वाक्य असते, आधी जावा वेगळी बसवा. पण २०१६ च्या २.२ आवृत्तीपासून स्टुडिओसोबत त्याची स्वतःची जावा येते. वेगळी, आणि त्यातही जुनी जावा बसवली, तर कधी कधी ग्रेडल चुकीच्या जावाकडे जातो आणि आवृत्ती जुळत नाही म्हणून अडून बसतो. तसेच जुन्या व्हिडिओंत एमुलेटरसाठी इंटेलचे हॅक्सम बसवायला सांगतात; इंटेलने ते २०२३ च्या सुरुवातीला बंद केले. व्हिडिओ पाहण्यापूर्वी त्याच्याखालची तारीख पाहावी. मिठाई घेताना आपण ती पाहतोच.

घड्याळ चुकले आणि गोदामाचे दार बंद झाले

आता त्या मुलाचा लॅपटॉप. स्टुडिओ बसला होता, उघडतही होता. नवा प्रकल्प सुरू केला की खाली 'ग्रेडल सिंक' असे लिहून येई आणि पाच मिनिटांनी ते अपयशी ठरे. संदेश लांबलचक होता. मुलगा दर वेळी वरच्या दोन ओळी वाचून सोडून देई. अशा संदेशात कामाची ओळ बहुधा खाली असते. 'कॉज्ड बाय' या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात आणि त्यांतली शेवटची आधी वाचावी. तिथे 'सर्टिफिकेट' हा शब्द सापडला.

ग्रेडल पहिल्या वेळी इंटरनेटवरच्या गोदामांतून बराच माल आणतो. त्या गोदामाच्या दारावर ओळखपत्र तपासले जाते, आणि प्रत्येक ओळखपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती काही वर्षे मागची होती. यंत्राच्या हिशेबाने ओळखपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून त्याने माल घ्यायला नकार दिला होता.

वापरलेल्या लॅपटॉपमध्ये हे पुष्कळदा घडते. आत एक लहान सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ त्यावर चालते. सेल मेला की तारीख मागे जाते. तारीख आपोआप लावण्याचे बटण चालू केले आणि पहिला दोष गेला. सेल पुढे बदलायचा होताच, पण तो किरकोळ खर्चाचा माल आहे. क्लासवाल्याने ज्या यंत्राला बाद ठरवले होते त्याचा हा एक आजार.

तारीख बरोबर असूनही सिंक अडत असेल तर आणखी काही जागा तपासाव्यात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डेटाची दिवसाची मर्यादा संपली की वेग इतका घटतो की उतरत असलेली फाइल अर्धवट राहते. पुढच्या वेळी ग्रेडल तीच अर्धी फाइल उघडू पाहतो आणि झिप उघडत नाही अशी तक्रार करतो. अशा वेळी संदेशात ज्या आवृत्तीचे नाव आहे तेवढीच फाइल वापरकर्त्याच्या घरातील 'डॉट ग्रेडल' या फोल्डरमधून काढावी आणि पुन्हा सिंक करावे. सगळा स्टुडिओ काढू नये. दुसरे, स्टुडिओत ग्रेडलचे 'ऑफलाइन मोड' नावाचे बटण असते. ते चुकून दाबले गेले की ग्रेडल गोदामाकडे जातच नाही. डेटा वाचेल म्हणून मुले ते मुद्दाम दाबतात, असेही मी पाहिले आहे. पहिल्या सिंकला डेटा लागणारच. स्टुडिओची फाइलच एक जीबीहून मोठी, त्यावर एसडीके, आणि खोटा फोन हवा असेल तर त्याचे आणखी. ज्या घरात रोजचा दीड जीबीचा प्लॅन आहे, तिथे हे काम एका बैठकीत होणे कठीण. कोणा नातेवाइकाच्या घरी वायफाय असेल तर एक दिवस तिथे जाऊन बसावे.

संदेश बदलला, म्हणजे काम पुढे सरकले

घड्याळ लावून पुन्हा सिंक केले. माल उतरू लागला. मुलाच्या चेहऱ्यावर हसू आले आणि दहा मिनिटांनी पुन्हा तांबडी अक्षरे. मुलगा म्हणाला, "बघा सर, परत तेच." ते तेच नव्हते. आधीचा संदेश ओळखपत्राचा होता, हा प्रकल्पाच्या जागेविषयीचा होता. मला या सबंध लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही. तांबडा रंग पाहून सगळे संदेश सारखे समजू नयेत. संदेश बदलला तर आधीचा दोष गेला आणि यंत्र पुढच्या टप्प्यावर पोचले. शहरातला जॉबर माग दुरुस्त करतो तेव्हा तो एक नट फिरवतो, माग चालवून पाहतो, मग दुसऱ्याला हात लावतो. पाच नट एकदम फिरवले तर कोणत्याने काम झाले आणि कोणत्याने बिघडले हे त्यालाही सांगता येणार नाही. घरी जॉबर पाहिलेल्या मुलाला हे शिकवावे लागू नये, पण संगणकापुढे बसला की तो विसरतो.

यासाठी मी एक साधी शाळकरी वही ठेवायला लावतो. तारीख, आलेल्या संदेशातील मुख्य ओळ, केलेला एक बदल, त्यानंतर काय झाले. एवढे चार रकाने. उधारीची वही जशी लिहितो तशी.

दुसरा दोष होता नावाचा. मुलाने प्रकल्पाच्या फोल्डरला हौसेने उर्दू लिपीत नाव दिले होते. मराठीत दिले असते तरी हेच झाले असते. विंडोजवर अँड्रॉइडची बांधणी करणाऱ्या हत्यारांना इंग्रजी मुळाक्षरांपलीकडची अक्षरे फोल्डरच्या वाटेत चालत नाहीत. ॲपच्या आत मराठी, उर्दू, अरबी काहीही लिहा, ते फोनवर नीट दिसते. बंधन फक्त वाटेतील फोल्डरांच्या नावांना आहे. एसडीकेच्या जागेत तर नावामध्ये मोकळी जागाही नसावी. विंडोज बसवताना दुकानदाराने वापरकर्त्याचे नाव दोन शब्दांत, मध्ये जागा सोडून टाकलेले असते, आणि एसडीके त्याच नावाच्या घरात जाऊन बसते. मग सूचना येते. विंडोजमधले वापरकर्त्याचे नाव बदलल्याने जुन्या फोल्डरचे नाव बदलत नाही, म्हणून त्या नादी लागू नये. सी ड्राइव्हच्या मुळाशीच लहान इंग्रजी नावाचा फोल्डर करून एसडीके तिथे ठेवावे, प्रकल्पही तसाच. आम्ही तेच केले.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच पाहावे

तिसरा दोष मात्र खरा होता आणि तो पैशाचा होता. सिंक पूर्ण झाले, पण ॲप बांधायला घेतले की यंत्र गारठून जाई आणि शेवटी ग्रेडल अचानक नाहीसा झाला अशा अर्थाचा संदेश येई. लॅपटॉपची रॅम ४ जीबी होती.

हिशेब व्यापाऱ्याला लगेच कळेल. विंडोज स्वतःसाठी दोन जीबीच्या आसपास घेते. स्टुडिओ एक-दीड जीबी घेतो. नव्या प्रकल्पात ग्रेडलला दोन जीबीपर्यंत वापरण्याची मुभा लिहून दिलेली असते. वर ब्राउझर उघडा असतो, कारण व्हिडिओ पाहत पाहत काम चालू आहे. चार जीबीत हे बसणार कसे? गुगलच्या स्वतःच्या यादीत नुसत्या स्टुडिओसाठी किमान ८ जीबी आणि एमुलेटरसह चालवायचे तर १६ जीबी रॅम सांगितली आहे. माझ्या मते ८ जीबी रॅम आणि ॲप पाहायला खरा फोन, एवढ्यावर नवशिक्याचे वर्षभर भागते. १६ मिळाली तर उत्तमच.

कंपन्यांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप आपल्या बाजारात पुष्कळ येतात आणि ते घेण्यात गैर काही नाही. पण दुकानात उभे असतानाच विंडोजचे टास्क मॅनेजर उघडावे आणि त्यातील परफॉर्मन्स हे पान पाहावे. तिथे चार गोष्टी एका जागी कळतात. रॅम किती आहे. रॅमच्या किती खाचा आहेत आणि त्यांतील किती भरलेल्या आहेत. एखादी रिकामी असेल तर पुढे कमी खर्चात रॅम वाढवता येते, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पाटीवरच जोडलेली असते, तिथे वाढवण्याची सोय नसते. डिस्क जुनी फिरणारी आहे की एसएसडी. आणि प्रोसेसरच्या पानावर 'व्हर्च्युअलायझेशन' चालू आहे की बंद. फिरणाऱ्या डिस्कवर स्टुडिओ चालतो, पण तो उघडेपर्यंत नमाज पढून यावे इतका वेळ लागतो. दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील तर ८ जीबी रॅम असलेल्या यंत्रात आधी एसएसडी बसवावी, असे माझे मत आहे. रॅम ४ असेल तर मात्र आधी रॅम.

आणखी एक. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चढते की नाही, हेही घेताना विचारावे. चढत नसेल तर भाव करायला तेवढी जागा आहे.

त्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये एक खाच रिकामी निघाली. वापरलेली ४ जीबीची पट्टी मिळाली. नवा लॅपटॉप घ्यावा लागला नाही.

खोटा फोन नको, हातातला फोन घ्या

एमुलेटरवर नवशिक्यांचा सर्वात जास्त वेळ वाया जातो. त्याला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय लागते. ती यंत्रात असते, पण बऱ्याच वेळा बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. यंत्र सुरू होताना एफ २, एफ १०, डिलीट किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबून बायोसमध्ये जावे लागते. कोणती कळ ते कंपनीनुसार बदलते. इंटेलच्या यंत्रात ती सोय व्हीटी-एक्स अशा नावाने आणि एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम या नावाने दिसते. तेवढी चालू करून, जपून ठेवून बाहेर यावे. दुसऱ्या कशालाही हात लावू नये. हे करूनही ८ जीबीच्या यंत्रात खोटा फोन रडतखडतच चालतो.

म्हणून मी तो खटाटोपच करू देत नाही. प्रत्येकाच्या खिशात खरा अँड्रॉइड फोन आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा बोट दाबावे, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स हे पान उघडते. त्यातील 'यूएसबी डिबगिंग' चालू करावे. रेडमी, पोको या शाओमीच्या फोनांत बिल्ड नंबरऐवजी एमआययूआय किंवा ओएस आवृत्तीच्या ओळीवर बोट दाबावे लागते, आणि 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हे आणखी एक बटण असते. ते चालू करताना फोन शाओमीचे खाते मागतो, सिम घातलेले असावे अशीही त्याची अट असते. हे माहीत नसल्याने 'यूजर रिस्ट्रिक्टेड' असा संदेश पाहून कित्येक मुले स्टुडिओला दोष देत बसतात.

फोन जोडला तरी स्टुडिओला दिसत नसेल तर सर्वप्रथम वायर बदलावी. बाजारातल्या स्वस्त वायरींतल्या बऱ्याच फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, माहिती जात नाही. परीक्षा सोपी आहे: त्याच वायरीने फोनमधला एखादा फोटो लॅपटॉपवर उतरवून पाहावा. उतरला तर वायर ठीक. मग फोनचा पडदा उघडून पाहावे, 'या संगणकाला परवानगी द्यायची का' असा प्रश्न तिथे उत्तराची वाट पाहत असतो, आणि आपण लॅपटॉपकडे डोळे लावून बसलेले असतो. परवानगी दिली नाही तोवर स्टुडिओत फोनपुढे 'अनऑथराइज्ड' लिहून येते. तरीही जमले नाही तर फोनच्या कंपनीचा यूएसबी ड्रायव्हर विंडोजवर बसवावा. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन असेल तर वायरीशिवाय, एकाच वायफायवरून जोडण्याचीही सोय आहे.

फ्लटरचा डॉक्टर

अलीकडे बरीच मुले फ्लटरने सुरुवात करतात. हेही गुगलचेच आणि मोफत. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. एकदा लिहिलेले ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते म्हणून त्याची ओढ आहे. त्याच्यासोबत एक उपयोगी आज्ञा येते, 'फ्लटर डॉक्टर'. काळ्या खिडकीत ती लिहिली की तो एकेक अवयव तपासतो आणि बरोबर किंवा फुली मारत जातो.

पण ती आज्ञा लिहिल्यावर 'अशी आज्ञा ओळखत नाही' असे उत्तर आले तर? फ्लटर नाहीच असे समजू नये. विंडोजला त्याचा पत्ता सांगितलेला नाही, एवढाच अर्थ. फ्लटरच्या फोल्डरमधील 'बिन' या फोल्डरचा पत्ता 'पाथ' या यादीत घालावा लागतो. आणि घातल्यावर आधीची काळी खिडकी बंद करून नवी उघडावी लागते, कारण जुनीला नवा पत्ता कळत नाही. हे शेवटचे वाक्य कोणी सांगत नाही. एका मुलीची तीन संध्याकाळी यातच गेल्या होत्या.

डॉक्टरच्या फुल्या पाहून घाबरू नये. अँड्रॉइडच्या ओळीवर 'सीएमडीलाइन टूल्स' नाहीत अशी तक्रार असेल तर स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमधील 'एसडीके टूल्स' या पानावर त्या नावापुढे खूण करून ते बसवावे. परवान्यांची तक्रार असेल तर डॉक्टरच्याच आज्ञेपुढे 'अँड्रॉइड लायसन्सेस' जोडून चालवावी आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला वाय हे अक्षर द्यावे. व्हिज्युअल स्टुडिओपुढची फुली मात्र सोडून द्यावी. ते विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्याला लागते, फोनच्या ॲपला नाही. सगळ्या फुल्या मिटवायच्या हट्टाने ते अवाढव्य सॉफ्टवेअर उतरवून डिस्क भरलेली मुले मी पाहिली आहेत.

मित्राच्या पेनड्राइव्हवरचा प्रकल्प

क्लासमध्ये किंवा मित्राकडून तयार प्रकल्प मिळतो आणि तो उघडतच नाही. त्याची कारणे बहुधा दोन. प्रकल्पात 'लोकल डॉट प्रॉपर्टीज' नावाची लहान फाइल असते. तिच्यात एसडीके कोणत्या जागी आहे तो पत्ता असतो. मित्राच्या प्रकल्पात मित्राच्या संगणकाचा पत्ता असणार. ती फाइल काढून टाकली आणि प्रकल्प पुन्हा उघडला की स्टुडिओ आपला पत्ता लिहून घेतो.

दुसरे कारण वयाचे. स्टुडिओ, त्याचा अँड्रॉइड प्लगइन, ग्रेडल आणि जावा यांच्या आवृत्त्या एकमेकांना जुळाव्या लागतात. प्लगइनची २०२३ मधील ८.० आवृत्ती आली तेव्हापासून त्याला जावा १७ लागते. काही जुने प्रकल्प जेसेंटर नावाच्या गोदामातून माल मागवतात. ते २०२१ पासून नव्या मालासाठी बंद आहे. अशा जुन्या प्रकल्पाला सुधारत बसणे हे मुरलेल्या माणसाचे काम आहे. नवशिक्याने स्टुडिओतून कोरा नवा प्रकल्प करावा. तो चालला तर यंत्रणा ठीक आहे आणि दोष त्या प्रकल्पात आहे, हे पाच मिनिटांत कळते.

आयफोनचे ॲप विंडोजवर का बनत नाही, असाही प्रश्न येतो. ॲपलचे एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालते आणि ॲपलच्या दुकानात ॲप ठेवायला वर्षाला ९९ डॉलर लागतात. सुरुवातीला तो विषय बाजूला ठेवावा.

राहिला प्रश्न इंग्रजीचा. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुले संदेश वाचतच नाहीत, कारण तो आपल्याला कळणार नाही असे त्यांनी आधीच ठरवलेले असते. पण हे संदेश म्हणजे साहित्य नव्हे. सापडले नाही, परवानगी नाही, आवृत्ती जुळत नाही, जागा पुरत नाही, जोडणी तुटली, अशा पंधरा-वीस शब्दांत त्यांचा कारभार चालतो. ते शब्द वहीच्या शेवटच्या पानावर अर्थासह लिहून ठेवावेत. आता चॅटजीपीटी, जेमिनायसारख्या सोयी आहेत; पूर्ण संदेश आणि आपल्या स्टुडिओची आवृत्ती त्यांना दिली तर मराठीतही अर्थ सांगतात. त्यांचा उपाय मात्र जुन्या व्हिडिओसारखा शिळा असू शकतो, म्हणून एका वेळी एकच करून पाहावा आणि वहीत लिहावा.

त्या मुलाचा कोरा ॲप दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांच्या फोनवर उघडला. पडद्यावर 'हॅलो अँड्रॉइड' एवढेच लिहिलेले होते. वडिलांनी विचारले, "बस, एवढंच?" मी म्हटले, "चाचा, आज माग चालू झाला." मुलाने 'हॅलो'च्या जागी 'अस्सलामु अलैकुम' लिहून तो पुन्हा चालवला, तेव्हा त्यांनी फोन हातात घेतला.

आता तो तागे मोजण्याचे आणि मजुरीचा हिशेब ठेवण्याचे लहानसे ॲप लिहितो आहे. अजून शुक्रवारच्या सुट्टीचा हिशेब त्यात चुकतो. ते गुगलच्या प्ले स्टोअरवर ठेवायची त्याला घाई आहे; तिथे नोंदणीचे एकदाच २५ डॉलर पडतात, आणि नव्या वैयक्तिक खातेदाराला आधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस ॲप वापरून घ्यावे लागते. मी त्याला म्हटले आहे, की ते पैसे सध्या राहू दे. आधी वायरीने कारखान्यातल्या दोन-तीन फोनांवर टाक, आणि एका पगाराचा हिशेब वहीशी ताडून बघ.